पाळकाचा मुलगा लिओनार्ड ऑयलर

बांबूची एक कामटी घ्यावी, हातभर लांब आणि बोटाहून बारीक. तिचे एक टोक जमिनीवर टेकवून दुसऱ्या टोकावर तळहाताने सरळ खाली दाबावे. प्रथम काहीच होत नाही. आणखी दाबावे, तरी ती ताठ उभी राहते. मग थोडासा अधिक जोर दिला की ती एकाएकी मध्ये बाक घेते, आणि हात काढला की पुन्हा सरळ होते. उपासनेनंतर ओट्यावर रेंगाळणाऱ्या मुलांकडून हे करवून घेण्यासारखे आहे. दोन गोष्टी त्यांच्या लक्षात येतील. एक ही की, कामटी थोड्या जोराने थोडी व अधिक जोराने अधिक अशी क्रमाक्रमाने वाकत नाही. एका ठराविक भारापर्यंत ती सरळच असते आणि तो भार ओलांडताच लवते. दुसरी ही की, तीच कामटी मधोमध कापून अर्धी केली, तर तिला लवविण्यास दुप्पट नव्हे, त्याहून पुष्कळ अधिक जोर लागतो.

खेड्यातल्या सुताराला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु तो ठराविक भार किती हे गणिताने आधीच सांगता येते, असे ज्याने प्रथम दाखविले तो मनुष्य एका पाळकाचा मुलगा होता. बापाच्या इच्छेप्रमाणे पाळक होण्यासाठी त्याने अभ्यासही आरंभिला होता. आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्याने आंधळेपणात काढिली. त्याचे नाव लिओनार्ड ऑयलर. महाविद्यालयात गणित शिकणाऱ्या आमच्या तरुणांस हे नाव पुस्तकांतून माहीत असते. तो पवित्र शास्त्रावर जीव लावणारा ख्रिस्ती होता हे मात्र त्यांस सहसा कोणी सांगत नाही, म्हणून त्याची हकीकत येथे देत आहो.

ऑयलर ह्याचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंड देशातील बासेल शहरी झाला. बासेल हे नाव आमच्या वाचकांस अगदीच परके नाही. ह्या शहरी १८१५ साली स्थापन झालेल्या बासेल मिशनचे मिशनरी १८३४ साली मंगळुरास उतरले, आणि पुढे त्या मिशनच्या कारखान्यांतून निघू लागलेली मंगळुरी कौले कोकणातील कितीतरी घरांवर चढली. पण हे सर्व ऑयलरच्या जन्मानंतर शंभर वर्षांनी घडले. त्याचा बाप पाउल ऑयलर हा रिफॉर्म्ड मंडळीचा पाळक होता, आणि आई मार्गारेट ब्रुकर हीसुद्धा पाळकाचीच मुलगी. लिओनार्ड अगदी लहान असता पाउलाची नेमणूक शहराजवळच्या रीहेन ह्या गावी झाली आणि मुलाचे बालपण तेथील पाळकाच्या घरात गेले.

पाउलाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विद्यार्थिदशेत त्याने याकोब बर्नुली ह्या नामांकित गणित्याची व्याख्याने ऐकली होती, इतकेच नव्हे तर तो त्याच्या घरी राहिलाही होता. वाकलेल्या लवचीक पट्टीचा बाक नेमका कोणत्या आकाराचा असतो, ह्या प्रश्नाच्या मागे जो मनुष्य वर्षानुवर्षे लागला होता तो हाच याकोब. पाळकाने घरी मुलाला गणिताचे पहिले धडे स्वतः दिले. ज्या पट्टीचे कोडे गुरूच्या टेबलावर पडले होते ते शिष्याचा मुलगा सोडवील हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

१७२० साली, तेरा वर्षांचा असता, लिओनार्ड बासेलच्या विश्वविद्यालयात दाखल झाला, आणि तीन वर्षांत त्याने पदवी घेतली. मुलाने आपल्यामागे मंडळीची सेवा हाती घ्यावी ही पाउलाची इच्छा. त्याप्रमाणे लिओनार्ड ईश्वरविज्ञान, ग्रीक व हिब्रू शिकू लागला. परंतु याकोबाचा धाकटा भाऊ योहान बर्नुली त्याच विश्वविद्यालयात गणित शिकवीत असे. वेगळी शिकवणी देण्यास त्याला सवड नव्हती. त्याने मुलाला कठीण पुस्तके नेमून दिली, आणि वाचताना जेथे अडेल ते दर शनिवारी दुपारी घरी येऊन विचारण्याची मुभा दिली. मुलगा आठवडाभर एकट्याने झगडे, आणि शनिवारी गुरूला होता होईल तितका थोडा त्रास द्यावा म्हणून बहुतेक गाठी स्वतःच सोडवून ठेवी. शेवटी योहानानेच पाउलाकडे शब्द टाकिला, आणि बापाने मुलाला गणिताकडे जाऊ दिले.

पाळकाच्या घरी ही गोष्ट लहान नसते. आम्ही सेमिनरीत शिकून ह्या सेवेत आलो, आणि सेवेसाठी अर्पण केलेला मुलगा दुसरीकडे वळला म्हणजे मंडळीत काय बोलले जाते ते आम्ही ऐकले आहे. आम्हांस वाटते पाउलाने बरोबर केले. प्रभूला दिलेले मूल प्रत्येक वेळी व्यासपीठावरच उभे राहील असे नाही. मुलानेही बापाच्या घरचा विश्वास मागे टाकिला नाही, हे पुढे दिसेलच.

बासेलात नोकरी मिळण्याची आशा नव्हती. योहानाचा मुलगा दानिएल बर्नुली रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथील नव्या अकादमीत होता. त्याच्या खटपटीने ऑयलरला तेथे जागा मिळाली. ५ एप्रिल १७२७ रोजी त्याने जन्मभूमी सोडिली. ऱ्हाईन नदीतून नावेने, मग जर्मन मुलखातून गाडीने आणि ल्युबेक बंदराहून गलबताने असा प्रवास करून तो १७ मे रोजी पोहोचला. ज्या सम्राज्ञीच्या आश्रयावर अकादमी उभी होती ती पहिली कॅथरीन नेमकी त्याच दिवशी वारली. वीस वर्षांच्या परक्या तरुणाचे पाऊल असे पडले. तरी तो टिकला. १७३३ साली दानिएल परत गेल्यावर गणिताची मुख्य जागा त्याच्याकडे आली, आणि पुढल्या वर्षाच्या जानेवारीत काथारीना ग्सेल नावाच्या चित्रकाराच्या मुलीशी त्याने लग्न केले. त्यांस तेरा लेकरे झाली. त्यांतली आठ लहानपणीच गेली. जी राहिली त्यांपैकी एखादे मांडीवर घेऊन व बाकीची भोवती खेळत असता तो आपले लेख लिही, असे त्याच्या ओळखीचे लोक सांगत. एका कठीण तापानंतर त्याचा उजवा डोळा बिघडत गेला, आणि १७३८ साली त्या डोळ्याची दृष्टी गेली.

१७४१ साली प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक ह्याच्या बोलावण्यावरून तो बर्लिनास गेला व तेथे पंचवीस वर्षे राहिला. आमच्या कामटीची गोष्ट येथली आहे.

१७४२ साली दानिएल बर्नुलीने पत्र लिहून त्याला एक वाट सुचविली. वाकलेली पट्टी आपल्यात जोर साठवून ठेवते. सोडली की तो जोर तिला सरळ करतो. तर टोके जेथे धरली आहेत तेथे असता पट्टी जो बाक घेते तो असा असला पाहिजे की, साठलेला जोर शक्य तितका कमी व्हावा. हे धरून गणित करून पाहावे, असे दानिएलाचे म्हणणे. ऑयलरने ते केले, आणि १७४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका मोठ्या लॅटिन ग्रंथाला लवचीक पट्टीच्या बाकांवर एक पुरवणी जोडिली. पट्टी जितक्या तऱ्हांनी वाकू शकते त्या सर्वांचे त्याने नऊ वर्ग पाडले. किंचित लवलेल्या कामटीपासून टोके एकमेकांस ओलांडून वेटोळे होईपर्यंत. ह्यांपैकी पहिल्याच वर्गाशी तो थबकला. बाक अगदी किंचित असला, इतका की डोळ्याला दिसूही नये, तरी तो येण्यास लागणारा भार शून्य निघत नव्हता. तो एक निश्चित आकडा निघत होता. म्हणजे त्याहून कमी भार असेल तर सरळ खांब मुळीच लवणार नाही.

असे का व्हावे, हे समजण्यास गणित लागत नाही. भार डोक्यावर घेऊन सरळ उभ्या असलेल्या कामटीला बाजूने किंचित धक्का लागला, तर तिचा स्वतःचा ताठपणा तिला पुन्हा सरळ करू पाहतो, आणि वरचा भार तिला आणखी वाकवू पाहतो. भार थोडा आहे तोवर ताठपणा जिंकतो आणि कामटी जागेवर येते. भार वाढत जाऊन एक वेळ अशी येते की दोघांचे बळ सारखे होते. त्याच्या पलीकडे वाऱ्याच्या झुळुकेइतका धक्काही पुरतो. डावीकडे लवेल की उजवीकडे, हे गणित सांगत नाही. ते लाकडातली एखादी बारीक गाठ किंवा मूळचा न दिसणारा वाकडेपणा ठरवितो.

हा भार लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतो. पाच फुटांचा एक बारीक खांब १६० किलो भाराला लवत असेल, तर तितकाच जाड, त्याच लाकडाचा दहा फुटांचा खांब ४० किलोला लवेल आणि वीस फुटांचा फक्त १० किलोला. दोरीची गोष्ट वेगळी. ओढली असता आखूड दोरी व लांब दोरी सारखाच जोर सोसतात. दाबाची रीत निराळी आहे. जाडीचा परिणाम तर ह्याहून मोठा: गोल खांब दुप्पट जाड केला की सोळापट भार घेतो. आणि ह्यात लाकूड चिरडण्याचा प्रश्न येतच नाही. लवलेली कामटी तुटलेली नसते, तिचा एक तंतूही बिघडलेला नसतो. ती केवळ सरळ राहू शकत नाही. हा नियम लांब व बारीक खांबाचा आहे, हेही सांगितले पाहिजे. आखूड जाड दगडी खांब लवण्याच्या आधी चिरडला जातो. बांबूकडे पाहावे. जेवढा माल आहे तेवढा मध्यापासून दूर ठेविला, तर त्याच मालात ताठपणा कितीतरी वाढतो. म्हणून बांबू आतून पोकळ आहे, आणि पोकळ नळी चपटी होऊन मोडू नये म्हणून निर्माणकर्त्याने तिला जागोजाग पेरी दिली आहेत. १७५७ साली ऑयलरने खांबांच्या बळावर आणखी एक लेख लिहून हीच गोष्ट अधिक सोपी केली.

काही वर्षांमागे आमच्या भागातील एका लहान मंडळीने उपासनेसाठी पत्र्याचा मांडव घातला. पैसे थोडे, म्हणून मधल्या रांगेचे खांब उंच आणि बारीक घेतले. पत्रे चढले त्या दिवशी सर्व ठीक होते. पुढे वादळाच्या भीतीने पत्र्यांवर वाळूची पोती ठेविली, आणि एका संध्याकाळी मधला खांब धनुष्यासारखा लवला. कोणास इजा झाली नाही ही प्रभूची दया. म्हातारा सुतार आला. त्याने नवे जाड लाकूड मागितले नाही; पोती खाली उतरविली, तेच खांब सरळ केले, अर्ध्या उंचीवर दोन्ही अंगांनी आडवे वासे बांधिले आणि वाशांची टोके भिंतीत पक्की बसविली. ऑयलरचा नियम लावून पाहिला म्हणजे सुताराने काय केले ते कळते. मध्ये आधार मिळताच खांबाची लवणारी लांबी अर्धी झाली, आणि बळ चौपट झाले.

त्या मांडवाखाली उपदेश करताना आमच्या मनात एक मनुष्य येत असे. तो दूरच्या गावी एकटाच नेमलेला उपदेशक होता. दहा वर्षे तो सरळ उभा राहिला. त्याच्यावरचा भार वाढत गेला. मंडळीतले तंटे, घरातले आजारपण, सावकाराचा तगादा. पण बाहेरून काहीच दिसले नाही, आणि आम्ही समजलो की सर्व ठीक आहे. मग तो एकाएकी पडला. त्याच्या विश्वासातच मूळची खोट होती असे पुष्कळांनी ठरविले, आणि ठरविणारांत आम्हीही होतो. पौलाने गलतीकरांस ओझ्यांविषयी जे लिहिले त्यावर आम्ही किती वेळा तरी बोललो होतो. पण त्या दहा वर्षांत त्या गावी मुक्कामाला आम्ही दोनदाच गेलो. लाकूड कुजके होते की मधला वासा नव्हता, हे आता कोण सांगणार?

असो. बर्लिनात ऑयलरचे दिवस सुखाचे नव्हते. फ्रेडरिक राजाला वाक्चातुर्याची आवड, आणि त्याच्या दरबारी व्हॉल्टेरसारखे धर्माची टर उडविणारे लोक मानाला चढलेले. ऑयलर साधा, थोडे बोलणारा, जुन्या चालीचा ख्रिस्ती. राजा त्याच्या एका डोळ्यावरून पत्रांत थट्टा करी. ऑयलर वादात तरबेज नव्हता, तरी गप्पही बसला नाही. १७४७ साली त्याने ईश्वरी प्रकटीकरणाच्या बचावार्थ, ते नाकारणारांच्या आक्षेपांना उत्तर म्हणून, एक लहान जर्मन पुस्तक छापून काढिले व त्यावर आपले नाव घातले नाही. दररोज संध्याकाळी तो मुले, चाकरमाणसे व घरी राहणारे विद्यार्थी ह्यांस एकत्र करून पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाची व प्रार्थना करी. मधून मधून बोधाचे चार शब्दही सांगे. युरोपात त्याच्या तोडीचा गणिती नव्हता, आणि त्याच्या घरची सायंप्रार्थना आमच्या एखाद्या खेड्यातील घरच्यासारखीच होती. बाप वारल्यावर त्याने आपल्या विधवा आईला स्वित्झर्लंडहून आणविले, आणि ती शेवटपर्यंत त्याच्यापाशी राहिली.

राजाच्या बागेतील कारंज्याची गोष्टही ह्याच काळची. पाणी टेकडीवर चढविण्यासाठी लाकडी नळ घातले होते. १७४९ साली ऑयलरने हिशेब करून कळविले की, एवढा दाब हे नळ सोसणार नाहीत. कारागिरांनी ऐकले नाही आणि नळ फुटत राहिले. पुष्कळ वर्षांनी राजाने व्हॉल्टेरला लिहिताना कारंज्याच्या अपयशाचा दोष उलट ऑयलरच्या गणितावर टाकिला. ही थट्टा लोक अजूनही कधी कधी खरी म्हणून सांगतात.

१७६६ साली दुसऱ्या कॅथरीन राणीच्या आमंत्रणाने तो पीटर्सबर्गास परतला. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत दुखणे आले आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ साली शस्त्रक्रिया केली. काही दिवस दिसू लागले. मग डोळा पिकला आणि दृष्टी जवळजवळ पार गेली. त्याच वर्षाच्या मे महिन्यात शहराला मोठी आग लागली व त्याचे लाकडी घर पेटले. बासेलचाच पीटर ग्रिम नावाचा एक कारागीर धुरात शिरला आणि ह्या आंधळ्याला पाठीवर घेऊन बाहेर आला. घर गेले, हस्तलिखितांपैकी बहुतेक वाचली. १७७३ साली चाळीस वर्षांची सोबतीण काथारीना वारली.

आता भार किती झाला ते वाचकांनी मोजावे. आणि ह्याच वर्षांत त्याचे जवळजवळ अर्धे काम झाले. बीजगणिताचे एक पुस्तक त्याने एका चाकराला सांगून लिहविले. तो मुलगा शिंपीकाम शिकलेला, गणिताचा गंध नसलेला, पण लिहिता लिहिता बीजगणित शिकून गेला, असे सांगतात. काळ्या पाटीवर खडूने काढलेली मोठी अक्षरे ऑयलरला अंधुक दिसत. तेवढ्यावर तो आकडे मांडी, बाकी सर्व डोक्यात. मात्र तो एकट्याच्या बळावर उभा होता असे आमच्या तरुणांनी समजू नये. थोरला मुलगा योहान आल्ब्रेख्ट जवळ होता. बासेलहून आलेला निकोलस फुस नावाचा तरुण १७७३ पासून दहा वर्षे त्याच्यापाशी बसून लिहीत होता. लेक्सेल व क्राफ्ट हे तरुण गणितीही येत जात. त्यांनी वाचावे, त्याने सांगावे, त्यांनी आकडे तपासावे.

ह्या अंधारात, सत्तरीच्या सुमारास, तो पुन्हा आपल्या खांबाकडे वळला. आता प्रश्न असा की, वर काहीही न ठेवता खांब केवळ आपल्याच वजनाने लवेल काय? एका लेखात हिशेब करून त्याने उत्तर दिले की नाही. खांब कितीही उंच केला तरी स्वतःच्या वजनाने लवणार नाही. हे उत्तर त्याच्याच मनाला पटेना. फार उंच वाढलेली बारीक काठी आपल्याच भाराने कलते, हे तर कोणीही पाहतो. दुसऱ्या लेखात त्याने हा विरोध उघड मांडिला आणि आपल्या गणिताकडे संशयाने पाहिले. तिसऱ्यात चूक दुरुस्त करून दाखविले की, प्रत्येक खांबाला एक उंची आहे, तिच्यापलीकडे तो आपल्या वजनाखाली लवतोच. हे तीनही लेख अकादमीच्या एकाच खंडात १७८० साली छापले गेले. चुकलेला लेख मागे घेऊन फाडून टाकणे सोपे होते. त्याचे नाव इतके मोठे होते की कोणी विचारलेही नसते. त्याने चूक व दुरुस्ती जवळजवळ ठेविली. आमच्या मते ह्या मनुष्याच्या सर्व कामांत ही तीन प्रकरणे त्याचा स्वभाव जितका सांगतात तितके दुसरे काही सांगत नाही.

त्याच्या हयातीत ह्या नियमाचा बांधकामात फारसा उपयोग झाला नाही, कारण इमारती दगडी व खांब जाड. पुढल्या शतकात लोखंड आले, खांब बारीक व उंच झाले, पूल लांबले, तेव्हा इंजिनियरांस ऑयलरचे जुने पान उघडावे लागले. ज्यांनी त्याचा पुरता मान ठेविला नाही त्यांस जबर किंमत पडली. कॅनडात क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर मोठा पोलादी पूल बांधीत असता, खालच्या अंगाचे दाब सोसणारे मोठे दांडे किंचित वाकलेले दिसू लागले. बाक नवा की मूळचाच, ह्यावर पत्रापत्री चालू राहिली व काम थांबले नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी संध्याकाळी पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. चौकशीत आढळले की, दांड्याचे भाग एकमेकांस जोडणाऱ्या तिरप्या पट्ट्या फारच दुबळ्या होत्या. कडक उन्हाळ्यात आगगाडीचे रूळ बाजूला वाकतात तेही हेच. तापून लांब होऊ पाहणाऱ्या रुळाला दोन्हीकडून अडविले की त्याच्यावर दाब येतो, आणि सीमा ओलांडली की तो एकदम लवतो.

आमच्या काळात मात्र विद्वानांनी ह्या लवण्यालाच कामाला जुंपले आहे. रबराच्या जाड वडीला ओळींनी गोल भोके पाडायची आणि वडी वरून दाबायची. भोकांमधल्या बारीक भिंती म्हणजे लहान लहान खांबच. ठराविक दाबापर्यंत भोके गोल राहतात. मग सर्व भिंती एकदम, एकमेकींशी जुळवून, लवतात, आणि भोके एक उभे, एक आडवे अशी लांबट होतात. साधे रबर दाबले असता बाजूंना फुगते. ही वडी उलट आत आवळते, आणि हात काढला की पूर्ववत होते. ह्याचे प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले, व तेव्हापासून धक्का झेलणाऱ्या वस्तू अशा जाळ्यांतून बनविण्याचे पुष्कळ प्रयत्न चालू आहेत. मालाचा गुण तोच. भोकांच्या मांडणीने त्याची वागणूक पालटली.

ऑयलरचा शेवटचा दिवस १८ सप्टेंबर १७८३. त्या वर्षी फ्रान्सात माँगोल्फिए बंधूंनी उष्ण हवेचे विमान प्रथम आकाशात चढविले होते, आणि ते किती वेगाने व किती उंच चढेल ह्याचा हिशेब हा आंधळा म्हातारा आपल्या पाटीवर करीत होता. जेवताना त्याने लेक्सेलशी दोन वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या मार्गाविषयी बोलणे केले. दुपार उतरल्यावर चहा घेत नातवाशी खेळत असता त्याला झटका आला व शुद्ध गेली, आणि रात्री अकराच्या सुमारास तो प्रभूकडे गेला. त्याचे वय ७६ वर्षांचे होते. त्याला शहरातील लूथरन स्मशानभूमीत पुरले. १९५६ साली अवशेष तेथून अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या आवारात हलविण्यात आले. पाटीवरची आकडेमोड मुलाने उतरून घेतली आणि पॅरिसच्या अकादमीने ती छापिली.